दुसऱ्यासाठी फेकलेला चेंडू

टेक्सास राज्याची राजधानी ऑस्टिन. १९२८ च्या सुमाराची गोष्ट. एला लेन नावाच्या एका कृष्णवर्णीय विधवेला कचऱ्याच्या डब्यातून बारीक आवाज ऐकू आला. मांजर अडकून ओरडत असेल, असे प्रथम वाटले. डोकावून पाहिले तर आत जेमतेम तीन महिन्यांचे मूल. आई टाकून गेलेली, बापाचा पत्ता नाही. एलाच्या घरी तिची स्वतःची मुले होती आणि मिळवता पुरुष नव्हता. त्या काळच्या टेक्सासमध्ये काळ्यांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या आणि मजुरी तर वेगळी होतीच. अशा घरात आणखी एक खाणारे तोंड आणणे ही साधी बाब नव्हती. एलाने फारसा विचार केला नसावा. पोर उचलले, घरी नेले, वाढवले आणि त्याला आपले आडनाव दिले. रिचर्ड लेन.

या रिचर्ड लेनने १९५२ साली अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये एक विक्रम केला. त्याला आता सत्तरहून अधिक वर्षे झाली. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, खेळाडूंचे पगार हजारांवरून कोटींवर गेले, मोसमातल्या सामन्यांची संख्या बारावरून सतरा झाली. विक्रम तिथेच आहे. क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असणाऱ्या आपल्या घरांतून सांगायचे तर, हा विक्रम धावांचा नाही, बळींचाही नाही. दुसऱ्याच्या ताटात पडायला निघालेला घास मध्येच उचलण्याचा हा विक्रम आहे.

या खेळाबद्दल चार शब्द सांगायलाच हवेत, कारण नाव फुटबॉल असले तरी पायाचा संबंध त्यात थोडाच. शंभर यार्डांचे मैदान, अकरा विरुद्ध अकरा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. ज्या संघाच्या हाती चेंडू आहे त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्याकडे. तो पुढे नेण्याचे मार्ग दोन. एक तर छातीशी कवटाळून पळायचे, नाही तर लांब फेकायचा. फेकणारा तो क्वार्टरबॅक. पुढे धावत जाऊन झेलणारा तो रिसीव्हर. आणि या रिसीव्हरच्या अंगाला चिकटून राहणारा, त्याला झेल घेऊ न देणारा, घेतलाच तर तिथल्या तिथे त्याला आडवा करणारा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक. आपल्या कबड्डीतला कोपरारक्षकच म्हणा ना. चढाईपटूचे नाव गावभर होते, कोपरारक्षकाचे त्याच्या गल्लीत.

काम मात्र कॉर्नरबॅकचे अधिक कठीण. आपण कोठे धावणार, केव्हा वळणार, हे रिसीव्हरला आधीच ठाऊक असते. कॉर्नरबॅकला ते समोरच्याच्या खांद्यांवरून, कमरेच्या हालचालीवरून ओळखावे लागते आणि तेही पुष्कळदा उलटे, पाठीमागे पळता पळता. क्वार्टरबॅकने आपल्या माणसासाठी फेकलेला चेंडू अशा वेळी त्याने मध्येच झेलला तर त्याला इंटरसेप्शन म्हणतात. क्षणभरापूर्वी हल्ला करणारा संघ दुसऱ्या क्षणी बचावाला लागतो. एका सामन्यात संपूर्ण संघाला मिळून असे एक-दोन चेंडू पळवता आले तरी दिवस चांगला गेला म्हणायचे. १९५२ च्या मोसमात एकट्या लेनने बारा सामन्यांत असे चौदा चेंडू पळवले.

पण तेथपर्यंतचा रस्ता सरळ नव्हता.

ऑस्टिनच्या काँग्रेस अ‍ॅव्हेन्यू या हमरस्त्यावर रिचर्ड लहानपणी बुटांना पॉलिश करी. पोरवयात मित्रांनी त्याला ‘क्यू बॉल’ हे टोपणनाव दिले होते. त्याची हकीकत अशी सांगतात, की बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळात हरलेला एक भिडू पैसे न देताच पळाला, तेव्हा रिचर्डने टेबलावरचा पांढरा चेंडू उचलून असा नेमका भिरकावला, की तो पळणाऱ्याच्या डोक्यात बसला. पळणाऱ्याला मोकळे सोडायचे नाही, हा स्वभाव तेव्हापासूनचा दिसतो. काळ्या मुलांसाठी असलेल्या अँडरसन हायस्कूलकडून तो फुटबॉल खेळला आणि १९४४ साली कृष्णवर्णीय शाळांच्या राज्य स्पर्धेत त्याच्या शाळेने विजेतेपद मिळवले. गोऱ्या शाळांशी सामना होण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची स्पर्धा निराळी होती.

शाळेनंतर त्याने जे केले ते मला त्याच्या साऱ्या आकड्यांपेक्षा अधिक विचारात पाडते. त्याची जन्मदाती आई उत्तरेकडे, नेब्रास्का राज्यातल्या स्कॉट्सब्लफ या गावी राहत होती. रिचर्ड तिच्याकडे राहायला गेला. जिने कचऱ्यात टाकले तिच्याकडे, आपल्या पायांनी. त्या दोघांत काय बोलणे झाले असेल, कोणी कोणाला काय विचारले असेल, यावर तर्क करण्यात अर्थ नाही. एवढे खरे, की आयुष्यभर त्याने आई म्हटले की एला लेनचेच नाव घेतले, आणि जन्मदात्रीविषयी मनात डूख धरला नाही. स्कॉट्सब्लफच्या ज्युनियर कॉलेजात तो १९४७ साली फुटबॉल खेळला. कॉलेजशिक्षण म्हणतात ते एवढेच. मध्यंतरी कृष्णवर्णीयांच्या एका फिरत्या बेसबॉल संघातही तो होता. मग लष्करात चार वर्षे. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ऑर्ड छावणीच्या संघाकडून तो फुटबॉल खेळे, आणि छावणीच्या वर्तमानपत्रांतून वगैरे त्याचे जे नाव येई त्याची कात्रणे तो एका वहीत नीट चिकटवून ठेवी. ही वही पुढे कामाला आली.

१९५२ साली लष्करातून सुटल्यावर त्याने लॉस एंजलिसमध्ये विमानांच्या कारखान्यात नोकरी धरली. काम फायलिंगचे, असे सांगितल्यामुळे कचेरीत बसून कागदपत्रे लावायची असतील, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात लावायचे होते ते धातूचे पत्रे. जड, धारदार, तेलाने निथळणारे पत्रे उचलायचे आणि खणांत रचायचे. दिवसभराने कपडेच काय, अंगसुद्धा तेलकट होऊन जाई. कारखान्याला जाण्यायेण्याच्या वाटेवर बसच्या खिडकीतून त्याला एक पाटी दिसे. लॉस एंजलिस रॅम्स या व्यावसायिक फुटबॉल संघाची ती कचेरी होती.

एके दिवशी तो वही काखोटीला मारून त्या कचेरीत शिरला आणि काम मागितले.

आजच्या वाचकाला हा प्रसंग सिनेमातला वाटेल. तेव्हाही असे सहसा घडत नसे. या खेळात नवे खेळाडू घ्यायची पद्धत ठरलेली आहे. मोठमोठ्या विद्यापीठांच्या संघांतून चमकलेली मुले दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाच्या निवडीत संघ वाटून घेतात. लेनला मोठ्या विद्यापीठाचे तोंडही ठाऊक नव्हते. शिवाय रॅम्स म्हणजे १९५१ चा विजेता संघ. कोणी तरी उठून आला आणि त्याला संघात घेतला, असे व्हायचे कारण नव्हते. पण प्रशिक्षक जो स्टायडाहार यांनी वही चाळली, पोराची चण पाहिली. उंची सहा फूट एक इंच, वजन नव्वद किलोच्या आतबाहेर, हात लांब. त्यांनी त्याला सराव शिबिरात यायला सांगितले आणि साडेचार हजार डॉलरांचा करार दिला.

दारात निदान उभे राहता आले, यालाही एक कारण होते. १९३४ ते १९४५ ही बारा वर्षे राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. लेखी नियम कोणताही नव्हता. मालकांचे आपापसातले समजणे होते. १९४६ साली रॅम्स संघ क्लीव्हलँडहून लॉस एंजलिसला आला. तेथले कोलिझियम हे भव्य मैदान सार्वजनिक पैशातून बांधलेले. ते वापरायचे तर काळ्यांना दार बंद ठेवता येणार नाही, असा आग्रह स्थानिक कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला, आणि केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड हे दोन खेळाडू घ्यावे लागले. लेन ज्या दारातून आत गेला ते असे सहा वर्षांपूर्वी ढकलून उघडलेले होते.

लेनला खरे तर रिसीव्हर व्हायचे होते. पण रॅम्सकडे त्या जागी टॉम फियर्स आणि एलरॉय हर्श हे दोघे होते. दोघेही पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात गेले. ही भिंत ओलांडणे शक्य नव्हते. सांकेतिक भाषेत लिहिलेल्या डावपेचांच्या वहीने लेन आणखी गोंधळून जाई, म्हणून संध्याकाळी तो फियर्सच्या खोलीवर शंका विचारायला जाई. फियर्सला गाण्याची आवड. त्याच्या ग्रामोफोनवर त्या वर्षी गाजत असलेली बडी मॉरोच्या वाद्यवृंदाची ‘नाइट ट्रेन’ ही तबकडी सतत वाजत असे. लेनचे येणे आणि त्या तबकडीचे वाजणे यांची अशी सांगड बसली, की एका सहकाऱ्याने त्याला ‘नाइट ट्रेन’ अशीच हाक मारली.

लेनला हे नाव प्रथम रुचले नाही. रात्र आणि काळा रंग यांचा संबंध जोडून कोणी चेष्टा करीत असेल, ही शंका त्याच्या जागी कोणालाही आली असती. मग मोसमापूर्वीचा वॉशिंग्टन संघाविरुद्धचा सामना झाला. वॉशिंग्टनकडे चार्ली जस्टिस हा लोकप्रिय गोरा धावपटू होता आणि त्याचे टोपणनाव ‘चू चू’, म्हणजे आपली झुकझुक गाडी. लेनने त्याला असा काही आडवा केला, की रात्रीच्या गाडीने झुकझुक गाडीला रुळांवरून उतरवले, अशा अर्थाचा मथळा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झळकला. तेव्हापासून नाव त्याचे झाले. गंमत अशी, की वॉशिंग्टन संघाचे मालक काळ्या खेळाडूंच्या नावाने बोटे मोडणारे. सगळे संघ बदलले तरी ते १९६२ पर्यंत अडून बसले. त्यांच्याच संघाच्या लाडक्यावर पडून लेनला आपले नाव आवडू लागले.

सरावात प्रशिक्षकांना दिसले ते असे, की रिसीव्हर म्हणून अडखळणारा हा पोरगा रिसीव्हरच्या मागे लावला तर सुटत नाही. त्याला बचावात टाकले. स्वतः स्टायडाहार पहिल्याच सामन्यानंतर पद सोडून गेले, पण त्यांनी ठेवून घेतलेला माणूस राहिला आणि मोसमभर चेंडू पळवीत सुटला. चौदा चेंडू, ते घेऊन परत पळालेले २९८ यार्ड आणि त्यात दोन वेळा थेट शेवटच्या रेषेपलीकडे. रॅम्सने बारांपैकी नऊ सामने जिंकले आणि डेट्रॉइट लायन्सशी बरोबरी झाल्यामुळे निर्णायक सामना खेळावा लागला. तो ते हरले.

आणि या मोसमानंतरच्या प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यात लेनचे नाव नव्हते. पुढे सात वेळा ते आले. पण ज्या वर्षी त्याने इतिहास घडवला त्या वर्षी निवडणाऱ्यांना तो पुरेसा दिसला नाही. अशा गोष्टींवर भाष्य करण्याचा मोह टाळलेला बरा.

चौदा हा आकडा किती मोठा, हे कळायला नंतरची वर्षे पाहावीत. मोसम १९६१ मध्ये चौदा सामन्यांचा झाला, १९७८ मध्ये सोळांचा. १९८० साली ओकलंडचा लेस्टर हेज तेरापर्यंत पोचला. २०२१ पासून सतरा सामने असतात. त्या वर्षी डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्जने अकरा चेंडू पळवले तर केवढा गाजावाजा झाला, कारण चाळीस वर्षांत कोणी तेवढेही केले नव्हते.

हे त्याने कसे साधले? लेनची रीत धाडसाची होती. साधारण बचावपटू रिसीव्हरच्या इतका जवळ राहतो, की क्वार्टरबॅकला चेंडू फेकायचे धाडस होऊ नये. लेन मुद्दाम एक-दोन पावले सोडून राही. क्वार्टरबॅकला वाटे, आपला माणूस मोकळा आहे. तो चेंडू सोडी. चेंडू हवेत असेपर्यंत ती दोन पावले लेनने गिळलेली असत. मांजर उंदराला जसे थोडे पळू देते तसे हे. यासाठी लांब टांगा आणि लांब हात लागत, ते त्याला निसर्गाने दिले होते. त्याहून अधिक लागे तो स्वतःवरचा विश्वास, कारण अंदाज चुकला तर मागे कोणी नसते आणि साठ हजार लोक बघत असतात. तो चुके, नाही असे नाही. जुगार खेळणारा कधी तरी हरतोच.

आता त्याच्या खेळाची काळी बाजूही सांगायला हवी. लेन पळणाऱ्याला पायाशी धरत नसे. पाय धरलेला माणूस पुढे पडतो आणि पडता पडता यार्डभर मिळवून जातो, मान धरलेला मात्र जागच्या जागी थांबतो, असा त्याचा हिशेब. म्हणून तो लांब हाताचा विळखा गळ्याभोवती टाकून माणसाला उलटा पाडी. या पकडीला लोकांनी त्याच्या नावावरून ‘नेकटाय’ म्हणायला सुरुवात केली. कधी हेल्मेटच्या पुढची जाळी पकडूनच तो समोरच्याला फिरवी. तेव्हाच्या नियमांत चेंडू घेऊन पळणाऱ्याशी असे वागायला मुभा होती. अखेर १९६२ साली जाळीला हात लावायला सर्रास बंदी झाली. गळ्याच्या पकडीवरही पुढे बंदी आली. खेळातले काही नियम एकेका माणसामुळे बदलतात. त्या माणसांत लेनची गणना होते.

त्याच्या चाहत्यांना हा त्याचा मोठेपणा वाटतो. मला तो निर्भेळ वाटत नाही. डोक्यावर व मानेवर वारंवार बसलेल्या आघातांनी फुटबॉलपटूंच्या मेंदूचे काय होते, हे आता शवविच्छेदनांतून सिद्ध झाले आहे आणि लीगला २०१३ मध्ये हजारो माजी खेळाडूंशी भरपाईची तडजोड करावी लागली. लेनच्या विळख्यात सापडलेल्यांपैकी कितीजण उतारवयात त्याची किंमत मोजत बसले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तो दुष्ट नव्हता, मैदानाबाहेर तर हसतमुख आणि गप्पिष्ट माणूस होता. पण प्रेक्षक ज्यावर टाळ्या वाजवीत होते ते हेच होते, हेही विसरून चालणार नाही.

१९५४ साली रॅम्सने त्याला शिकागो कार्डिनल्सला देऊन टाकले. पहिल्याच वर्षी त्याने तेथे दहा चेंडू पळवले आणि लीगमध्ये पुन्हा पहिला आला. पण कार्डिनल्स म्हणजे हरणारा संघ. लेनच्या सहा मोसमांपैकी एकाच मोसमात त्यांनी हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले. अशा संघात एकच गोष्ट त्याच्या मनासारखी झाली. माणसांची ओढाताण असल्यामुळे कधी कधी त्याला रिसीव्हर म्हणूनही उतरवीत. १९५५ च्या नोव्हेंबरात ग्रीन बेविरुद्ध असाच उतरला असताना त्याने चेंडू झेलला आणि ती चाल ९८ यार्डांची झाली. शंभर यार्डांच्या मैदानात यापुढे जायला जागा उरते ती दोन पावलांची. रिसीव्हर व्हायची जुनी हौस त्या एका दुपारी फिटली असावी.

त्याचे पुढचे आकडे पाहिले तर कोणाला वाटेल, की घसरण लागली. १९५७ मध्ये दोन, १९५८ मध्ये दोन, १९५९ मध्ये तीन. येथेच कॉर्नरबॅकच्या नशिबातली खोच आहे. १९५२ नंतर क्वार्टरबॅक शहाणे झाले. लेन ज्या बाजूला उभा, त्या बाजूला चेंडू फेकायचाच नाही, असे संघासंघांतून ठरू लागले. मैदानाचा एक मोठा तुकडा त्यांनी आपण होऊन सोडून दिला. हा त्याचा सर्वांत मोठा विजय होता, पण त्याची नोंद कोणत्या रकान्यात करणार? न फेकलेल्या चेंडूंचा हिशेब राहत नाही. ज्याच्या वाटेला चोर फिरकत नाहीत त्या पहारेकऱ्याने किती चोर पकडले, असे विचारण्यासारखेच ते. ग्रीन बे पॅकर्सचे प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी हे या खेळातले गुरुस्थानी मानलेले गृहस्थ. आपण पाहिलेला सर्वोत्तम कॉर्नरबॅक म्हणून त्यांनी लेनचेच नाव घेतले, ते आकडे पाहून नव्हे.

१९६० मध्ये लेन डेट्रॉइट लायन्सकडे आला. वय बत्तीस, म्हणजे या खेळात उतारवयच. तेथे त्याला प्रथमच बरोबरीची माणसे मिळाली. जो श्मिट, येल लॅरी, डिक लबो, अ‍ॅलेक्स करास अशी ती फळी होती. या काळातल्या एका प्रो बोलमध्ये अपेंडिक्सचे दुखणे पोटात घेऊन तो खेळला आणि पळवलेला चेंडू घेऊन थेट रेषेपार गेला. २२ नोव्हेंबर १९६२ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सुटीच्या दिवशी, लायन्सने लोम्बार्डींच्या पॅकर्सना २६-१४ असे हरवले. त्या संपूर्ण वर्षात पॅकर्स हरले ते तेवढ्या एका सामन्यात. तरी विजेतेपद पॅकर्सनाच मिळाले. लेन चौदा मोसम खेळला, पण विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात त्याचे पाऊल कधी पडले नाही.

डेट्रॉइटने त्याला आणखी एक गोष्ट दिली आणि काढून घेतली. डायना वॉशिंग्टन ही त्या काळची ख्यातनाम गायिका. ब्लूज असो, जॅझ असो, चर्चमधली गाणी असोत, तिचा आवाज काच चिरत जावी तसा. १९५९ च्या एका गाण्याने ती गोऱ्या घरांतूनही पोचली होती. तिची पूर्वी अनेक लग्ने झालेली आणि मोडलेली. २ जुलै १९६३ रोजी तिने लेनशी लास वेगासमध्ये लग्न केले. दोघेही उघड्यावर वाढलेल्या कीर्तीचे धनी, दोघांचाही स्वभाव मोकळा. यावेळी संसार टिकेल, असे तिच्या जवळच्यांना वाटत होते.

वजन कमी करण्यासाठी ती गोळ्या घेई आणि झोप यावी म्हणून वेगळ्या. १४ डिसेंबरच्या पहाटे लेनला जाग आली. टेलिव्हिजनचा पडदा नुसताच खरखरत होता. बायको हलवून उठेना. झोपेच्या दोन प्रकारच्या गोळ्या मिळून पोटात जास्त गेल्या होत्या. तो अपघात होता, असा निर्वाळा देण्यात आला. वय ३९. नाताळच्या सुटीसाठी तिचे दोन मुलगे घरी आले होते. लग्नाला साडेपाच महिनेही झाले नव्हते.

त्यानंतर दोन मोसम तो खेळला, पण गुडघे साथ देईनात. १९६५ मध्ये थांबला तेव्हा त्याच्या नावावर ६८ चेंडू होते. त्याच्या पुढे एकटा एमलेन टनेल, ७९ चा. आजही या यादीत लेन चौथा आहे.

आता त्याला प्रशिक्षक व्हायचे होते. चौदा वर्षे क्वार्टरबॅकांची मने वाचलेल्या माणसाकडून तरुणांनी शिकावे, यापेक्षा सरळ गोष्ट कोणती? लायन्सने त्याला कचेरीत घेतले. काही वर्षे तो तेथे होता, समारंभांना जाई, लोकांशी गोड बोले. मैदानावरचे काम त्याच्याकडे आले नाही. काळ्या माणसांनी पळावे, अडवावे, झेलावे, पण डावपेच गोऱ्यांनी आखावेत, अशी तेव्हाची रीत होती. या लीगमध्ये आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, नेमला गेला तो १९८९ मध्ये. लेनने सदर्न आणि सेंट्रल स्टेट या कृष्णवर्णीय विद्यापीठांत थोडा थोडा काळ शिकवले. रेड फॉक्स या विनोदी नटाच्या दौऱ्यांची व्यवस्थाही काही काळ पाहिली. लीगच्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम कॉर्नरबॅक म्हणून १९६९ मध्ये त्याची निवड झाली होती आणि तीनच वर्षांत तो कामाच्या शोधात गावोगाव फिरत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९७४ साली ओहायोतल्या कँटन येथील कीर्तिमंदिरात त्याला मानाचे स्थान मिळाले.

त्याच्या पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या ‘पोलिस अ‍ॅथलेटिक लीग’ची सूत्रे त्याने हाती घेतली. शहरातल्या मुलांसाठी पोलिसांच्या मदतीने खेळ चालवणारी ही संस्था. १९६७ च्या दंगलीत होरपळलेले, मोटारींचे कारखाने एकामागून एक बंद पडत चाललेले ते शहर. बापाची नोकरी गेलेली, रस्त्यावर वाढणारी पोरे, आणि त्यांच्या मनात पोलिसांचे नाव म्हणजे धास्ती. अशा मुलांना गणवेश मिळवून द्यायचे, मैदाने मिळवायची, देणगीदारांचे उंबरे झिजवायचे, आणि बंदोबस्ताची पाळी संपवून आलेल्या शिपायाला त्यांच्या सामन्यात शिटी घेऊन उभे करायचे. या कामात टाळ्या नसतात. लेनने ते एक-दोन नव्हे, सतरा वर्षे केले. म्हणजे जितकी वर्षे तो लीगमध्ये खेळला त्याहून तीन अधिक. त्याच्यावरच्या लेखांत बहुधा या सतरा वर्षांना एक ओळ मिळते आणि १९५२ च्या त्या तीन महिन्यांना पानभर. मीही फार निराळे केलेले नाही.

१९९२ मध्ये निवृत्त झाल्यावर तो ऑस्टिनला परतला. गुडघे पार गेले होते, मधुमेहाने गाठले होते. उतारवयातले त्याचे फिरणे जिकिरीचे झाले. लीगच्या पंचाहत्तर वर्षांचा सर्वोत्तम संघ १९९४ मध्ये निवडला गेला, त्यात त्याचे नाव होते. शंभर वर्षांचा २०१९ मध्ये निवडला, त्यातही होते. तो मान घ्यायला तो नव्हता. २९ जानेवारी २००२ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी हृदयविकाराने तो ऑस्टिनमध्येच वारला होता.